काण्या कोंबड्यातला खडा

१

बाल्तासार वकिलानं बोंब मारली तेव्हा माझ्या हातात जिंकणारी सोंगटी होती. खरं सांगते, मला दया यायच्या आधी राग आला. डॉमिनोचा असा डाव रोज लागत नाही. पण समोरचा माणूस दोन्ही हातांनी उजवा गाल धरून "मेलो, मेलो!" करायला लागल्यावर सोंगटी लावणार कशी?

"दात! माझा दात गेला!" त्यानं पुढ्यातल्या बशीत काहीतरी थुंकलं. टण्णकन आवाज झाला.

मी वाकून पाहिलं. साल्सात, म्हणजे मिरचीच्या चटणीत माखलेला, हरभऱ्याएवढा करडा दगड होता.

अख्खा 'काणा कोंबडा' चिडीचूप झाला. आमच्या ग्वादालाहारात शनिवारी भर दुपारी कॅन्टिना, म्हणजे दारूचा गुत्ता, गप्प होणं म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडानं जेवायला नको म्हणण्यासारखं आहे. बाहेर पायरीवर वाजंत्रीवाले बसले होते, त्यांनीसुद्धा तारा जुळवायचं थांबवलं.

मी रेबेका उर्सुआ, दातांची डॉक्टर. दवाखाना मागच्या गल्लीत. दुपारचं जेवण मात्र इथेच, कारण पेल्यामागे एक बशी फुकट ही कॅन्टिनाची रीत, आणि त्या बशीत स्वयंपाकीण तोमासाच्या हातचं असतं. त्या दिवशीही साल्साची एकच वाटी मध्ये ठेवून मी, वकील, कोपऱ्यावरचा न्हावी आणि त्याचा मेव्हणा असे चौघं तिच्यात मक्याच्या कुरकुरीत तोस्तादा बुडवत होतो. वाटीचा तळ दिसायला लागला होता.

आणि दिवस साधा नव्हता. जेवणं उरकली की म्हातारे मालक दोन हिलारिओ ('दोन' हा आकडा नव्हे, आमच्याकडचं 'राव') कॅन्टिना तोमासाच्या नावावर करणार होते. त्यांना मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. तोमासानं उभा जन्म त्यांच्या चुलीपुढे काढलेला. कागद वकिलानंच तयार केले होते आणि ते त्याच्या कातडी पिशवीत, खुर्चीला टेकून ठेवलेले होते.

मेलितोन वेटर टकिला घेऊन धावत आला. वकिलानं हातावरचं मीठ चाटलं, पेला एका दमात रिकामा केला, लिंबाची फोड उजव्या गालात धरून चोखली आणि वर बर्फातल्या बिअरचे दोन मोठे घोट ओढले. मग पुन्हा गाल धरून कण्हायला लागला.

"आ करा बघू," मी म्हटलं.

"तुमच्यापुढं? डॉक्टरीणबाई, त्यापेक्षा मी गाढवाच्या लाथेपुढं तोंड धरीन! माझा डॉक्टर वेगळा आहे."

त्या तशा अवस्थेतही चार लोक फिदीफिदी हसले. मी मनात नोंद करून ठेवली.

दोन हिलारिओ काठी टेकत गल्ल्यावरून आले. त्यांनी दगड उचलला, दिव्याकडे धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या बापानं ही जागा उघडली," ते म्हणाले. "इथं लोकांनी एकमेकांची डोकी फोडली असतील, पण ताटातल्या घासानं कुणाला इजा झाली नाही."

"मला मामला वाढवायचा नाही," वकील मोठ्या मनानं म्हणाला. "मी कुठं तक्रार करणार नाही. तोमासाला मी आईच्या जागी मानतो. पण तिला आता दिसत नाही, हात चालत नाही. हिलारिओ, आज सही नको. एवढंच म्हणतो."

दोन हिलारिओ खुर्चीत बसले. "पार्किंगवाला कधीपासून मागे लागलाय," ते जमिनीकडे बघत पुटपुटले. "देऊन टाकतो जागा त्याला. गाड्या तरी लावतील लोक."

"कुणाचा हात चालत नाही?"

स्वयंपाकघराच्या दारात तोमासा उभी होती. तिच्या हातात सुरी होती.

२

सुरी कांद्यासाठी होती, हे वकिलाला नंतर कळलं. तोपर्यंत तो न्हाव्याच्या मागे गेला होता.

तोमासा बुटकी, रुंद, आणि बोलायला लागली की दोन गल्ल्या ऐकतात. तिनं दगड हातात घेतला, अंगठ्यानं पुसला आणि परत बशीत टाकला.

"हा माझ्या खलातला नाही."

"तोमासा," दोन हिलारिओ हळूच म्हणाले, "दगडी खल आहे. जुना झालाय. टवका उडू शकतो."

"टवका? माझ्या खलाचा?" ती आत गेली आणि तीन पायांचा काळाकुळकुळीत खल पोटाशी धरून घेऊन आली. तो तिनं आमच्या डॉमिनोवरच आदळला. माझा जिंकणारा डाव तिथं कायमचा संपला. "नवा खल कच सोडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर आधी तांदूळ भरडायचा, लसूण भरडायची, पुन्हा तांदूळ, पुन्हा तांदूळ. तांदूळ करडा निघतोय तोवर त्यात मिरची घालायची नाही. हा खल माझ्या सासूनं तयार केला, तिचे हात सोलले होते! मेलितोन, तांदूळ आण. पांढराशुभ्र आण!"

मेलितोननं मूठभर आणला. तोमासानं बत्ता धरला आणि अशी काही भरडायला लागली, की टेबलावरचे पेले नाचायला लागले. वाजंत्रीवाले दारातून माना आत घालून बघत होते. शेवटी तिनं खल उपडा केला आणि पीठ वकिलाच्या नॅपकिनवर ओतलं.

मी बोटानं पसरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. पीठ दुधासारखं होतं. त्यात एक करडा ठिपका नव्हता.

"काय गं डॉक्टरीण?"

"पांढरं," मी म्हटलं. "चिमूटभरही कच नाही."

लोकांनी टेबलं बडवली. न्हाव्यानं शिट्टी मारली. दोन हिलारिओंच्या गालावर थोडा रंग आला आणि लगेच गेला. कारण मी पुढचं वाक्य बोलले, आणि ते बोलायलाच हवं होतं.

"मग हा दगड कुणीतरी आणून टाकलाय. मुद्दाम."

त्याच वेळी परसातून मेलितोनची हाक आली. तांदळाचं पोतं जागेवर ठेवायला तो गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड होतं. त्यानं गोणपाट सोडलं. आत कोरा करकरीत, करडा, तीन पायांचा दगडी खल. एका पायाचा कोपरा उडालेला.

मी बशीतला दगड त्या खाचेत बसवला. बेमालूम बसला.

"कुणाचा आहे?" दोन हिलारिओंनी विचारलं.

मेलितोननं आधी मालकाकडे पाहिलं, मग छताकडे. "परवा एलीसेओ ठेवत होता, बिअरच्या खोक्यांमागं. मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस."

एलीसेओ म्हणजे दोन हिलारिओंच्या बहिणीचा मुलगा. रक्ताचा एकुलता एक वारस, आणि त्याला सोडून कॅन्टिना स्वयंपाकिणीला चालली होती.

३

"डॉक्टरीण," दोन हिलारिओंनी मला बाजूला घेतलं, "तुझ्यापुढं लोक तोंड उघडतात. विचार सगळ्यांना. ही जेवणं संपायच्या आत उलगडा झाला तर ठीक. नाहीतर मी आजच पार्किंगवाल्याला होकार कळवतो. घरच्यांवर संशय घेत म्हातारपण काढायचं मला जमणार नाही."

"आणि तोमासा?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तोमासा चुलीशी पाठमोरी उभी होती. घेवड्याचं पातेलं ढवळत होती आणि ढवळायची काही गरज नव्हती. तिला आयुष्यात रडताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही पाहिलं नाही.

पहिला नंबर क्रिसान्ताचा. रस्त्यापलीकडे तिची तोर्तांची, म्हणजे भरल्या पावांची, खानावळ आहे. तोमासाचं आणि तिचं विळ्याभोपळ्याचं नातं. का, ते दोघीही विसरल्यात. सकाळी ती अभिनंदन म्हणून खिरीचं भांडं घेऊन आत आली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मी टाकला दगड?" क्रिसान्तानं कमरेवर हात ठेवले. "डॉक्टरीणबाई, मला त्या भवानीचा काटा काढायचा असता तर तरुणपणीच काढला असता. तेव्हा अंगात ताकद होती!"

"मग खीर कशाला आणलीस?"

"ती मालकीण होणार ना." ती जरा गडबडली. "चुलीपुढं आयुष्य काढणारी बाई मालकीण होताना मी कधी पाहिली नाही. भांडण आमचं आमच्यापाशी. आणि हे बघा, मी तिच्या जागी असते तर साल्सा एकाच पातेल्यातून सगळ्या टेबलांना गेली असती. तिचंही तसंच असतं. एवढा मोठा खडा, वाढताना पळीत दिसला नसता का?"

"मला तर दिसलाच असता," मेलितोन मागून म्हणाला. "वाट्या मीच भरतो. काल चष्म्याचा नंबर बदलला म्हणून काय झालं?"

मग एलीसेओ. पस्तिशीचा, उंच, पडेल खांद्यांचा. त्याला न्हाव्यानं आणि मेव्हण्यानं दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं. पळून जायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता, पण त्या दोघांना धरायला आवडत होतं.

"खल तुझा?"

"माझा. म्हणजे तोमासासाठी आणलेला." त्याचे डोळे भरले. "आज सही झाली की द्यायचा होता. सान लुकास गावी जाऊन खल घडवणाऱ्या कारागिराकडून घेतला. मला वाटलं, मालकिणीला स्वतःचा नवा खल हवा. तिच्या पायावर ठेवून म्हणणार होतो, मला शिकव. मामा, मला कॅन्टिना नकोय! मला नुसतं अंडं तळता येतं. मी काय करू कॅन्टिना घेऊन?"

"पाय कसा फुटला?"

"कुठं फुटला होता? घेतला तेव्हा चांगला होता. बसमध्ये जड झाला असता, म्हणून वकीलसाहेबांनीच गाडीत टाकून आणला, बिचाऱ्यांनी. संध्याकाळी गोणपाटात बांधून हातात दिला. मी तसाच खोक्यांमागं ठेवला, उघडूनसुद्धा पाहिला नाही."

"आता गाडीवर ढकल!" दोन हिलारिओ कडाडले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काठी दाराकडे रोखली. "माझ्या बहिणीचं नाव घालवलंस. जेवण संपलं की या घरातून चालता हो. आणि ते कागद फाडा, बाल्तासार. सगळंच संपवू."

वकिलानं दुःखी चेहऱ्यानं पिशवीकडे हात नेला.

४

"थांबा," मी म्हटलं. "जेवण अजून संपलेलं नाही. मी माझी बशी खाल्लेली नाही."

खरं म्हणजे माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. एलीसेओ खरं बोलतोय हे मला कळत होतं. खोटं बोलणारा माणूस आपल्याला नुसतं अंडंच तळता येतं हे चारचौघांत कबूल करत नाही. पण कळणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. वेळ काढायला म्हणून मी मेलितोनला एक टकिला सांगितली.

मीठ, टकिला, लिंबू. जन्मापासून हात आपोआप चालतो. इथं पोरं चालायला शिकतात आणि मग हे शिकतात. मी फोड डाव्या गालात धरली आणि दाबली.

आई गं!

कानशिलापासून टाचेपर्यंत वीज गेली. डोळ्यांतून पाणी आलं. डावीकडची माझी एक दाढ गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर तुटलीय. दुसऱ्यांचे दात बघता बघता माझा राहिलाय, आणि माझ्यावर हात चालवू द्यावा असा डॉक्टर मला या शहरात दिसत नाही. मी दाढ धरून बसले. न्हावी विचारायला लागला, काय झालं, तुम्हालाही दगड लागला का?

"गप्प," मी म्हटलं.

मी हळूहळू वकिलाकडे वळून पाहिलं. तो गाल धरून बसला होता. उजवा गाल.

मला एकदम हसू फुटलं. मी उठले, पर्समधून माझा छोटा आरसा आणि बॅटरी काढून खिशात टाकली, आणि मेलितोनच्या कानात सांगितलं, "अजून एक टकिला. लिंबाची फोड जाड काप. वकीलसाहेबांना दे, माझ्याकडून."

५

"वकीलसाहेब," मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, "फार ठणकतंय का हो?"

"विचारू नका. जीव जातोय."

"कागद फाडण्याआधी एक घ्या. दमला असाल. माझ्याकडून आहे."

फुकटची टकिला कोण सोडतो? त्यानं मीठ चाटलं, पेला घशात ओतला, आणि हात आपोआप लिंबाकडे गेला. फोड उजव्या गालात गेली. त्यानं ती दाबली. रस हनुवटीवर ओघळला.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

त्याचा जबडा होता तिथं थांबला. लिंबाची फोड गालात, सालीचं हिरवं टोक ओठांतून बाहेर.

"ताज्या तुटक्या दातावर लिंबू पडलं की माणूस छताला चिकटतो," मी आवाज चढवला, मागच्या टेबलांनाही ऐकू जावं म्हणून. "आत्ता माझंच झालं, सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही दात तुटल्या तुटल्या त्याच बाजूनं लिंबू चोखलंत, वर बर्फासारखी बिअर ओतलीत आणि मग आठवण झाल्यासारखे कण्हायला लागलात. आम्हा चौघांची वाटी एक, तळ दिसत आलेला. हरभऱ्याएवढा खडा एकालाही दिसला नाही, कुणाच्या तोस्ताद्याला लागला नाही. कारण तो वाटीत नव्हताच. तो तुमच्या मुठीत होता."

"दुखलं! आत्ता दुखतंय! आई गं!" वकील किंचाळला. "हा बदनामीचा कट आहे! मी तुम्हाला कोर्टात—"

किंचाळायला तोंड उघडावं लागतं. मी आरसा आत घातला.

लोकांना वाटतं दातांच्या डॉक्टरला ताकद लागते. नुसती सवय लागते. एका हातानं हनुवटी धरली, दुसऱ्यानं आरसा फिरवला, न्हाव्यानं बॅटरी धरली. वकील घशातून काहीतरी म्हणत होता, पण त्या अवस्थेत कुणाचंच बोलणं समजत नाही, हा माझा मोठा फायदा.

"तुटका दात आहे," मी जाहीर केलं. "वरचा, उजवा. पण कडा तपकिरी, कॉफी आणि चिरूट मुरलेले. धार झिजून गुळगुळीत. ताजा तुटलेला दात पांढरा असतो आणि जीभ कापतो. हा तुटून वर्ष होऊन गेलं असेल. साहेब, आतली नसही मेलेली दिसतेय. एक दिवस जबडा सुजेल, तेव्हा मात्र माझ्याकडे या."

मी आरसा काढला. न्हाव्यानंही आत डोकावून मान हलवली, जसं काही त्यालाच निदान करायचं होतं.

"खल कुणाच्या गाडीत होता?" मी विचारलं. "एलीसेओला गोणपाटात बांधून कुणी दिला? पायाचा कोपरा उडवायला हातोडीचा एक ठोका पुरे. खल सापडला तर भाच्यावर आळ, नाही सापडला तर तोमासावर. दोन्हीकडून जागा विकायला निघणार. आता फक्त एवढंच सांगा, तुमचा त्यात काय फायदा?"

वकिलानं इकडे तिकडे पाहिलं. दारात क्रिसान्ता हाताची घडी घालून उभी होती, आणि मागच्या दाराची वाट तोमासाच्या स्वयंपाकघरातून होती.

"पार्किंगवाल्याला मी शब्द देऊन बसलो होतो," तो शेवटी म्हणाला. आवाज मांजरासारखा. "कोपरा मिळवून देतो म्हणून. हिलारिओ ऐकेना. मला वाटलं, कुणाचं काही बिघडणार नाही. म्हातारीला दुसरीकडं काम मिळेल."

तोमासा स्वयंपाकघराच्या दारात आली होती. या खेपेला हातात सुरी नव्हती. ती चालत त्याच्यासमोर गेली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, "म्हातारी तुझी आई."

छप्पर उडेल एवढा हशा झाला.

दोन हिलारिओ मात्र हसले नाहीत. ते काठीशिवाय उठले आणि एलीसेओपाशी गेले. "तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?" एवढंच बोलले, आणि त्याचं डोकं धरून आपल्या खांद्यावर घेतलं. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा हमसून रडला. न्हाव्यानं आणि मेव्हण्यानं आता त्याला सोडलं.

मग दोन हिलारिओ वकिलाकडे वळले. "पिशवी उघड. कागद काढ. आणि मोठ्यानं वाच. कोर्टात वाचतोस तसं."

आणि बाल्तासार वकिलानं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, उभं राहून, सगळ्यांसमोर. मालकी सोलेदाद तोमासा अरेयानो हिच्या नावे, असं आलं तेव्हा वाजंत्रीवाल्यांना राहवेना. तुतारीवाल्यानं सुरुवातच करून टाकली. दोन हिलारिओंनी भरडलेल्या तांदळावरच कागद ठेवून सही ठोकली. तोमासानं बोटं एप्रनला पुसून, जीभ दातांत धरून आपली सही केली. वकील पिशवी न घेताच बाहेर पडला. क्रिसान्तानं त्याला दार उघडून दिलं आणि पाठीवर एक धप्पाही दिला.

गाणी, टाळ्या, पेले. मी न्हाव्याच्या मेव्हण्याबरोबर नाचलेसुद्धा, दाढ दुखत असताना.

कुणीतरी ओरडलं, "तोमासा कुठाय?"

स्वयंपाकघर रिकामं. खिळ्याला एप्रन टांगलेला. मागचं दार सताड उघडं. दोन हिलारिओ घाबरले, मीही घाबरले. एवढं सगळं झाल्यावर ती निघून गेली की काय?

तेवढ्यात पुढच्या दाराची झुलती दोन अर्धी फळकुटं ढकलली गेली.

तोमासा. केस नीट बांधलेले, तोंड धुतलेलं. ती उंबऱ्यावर थांबली आणि मला एकदम कळलं की मी तिला या दारानं आत येताना कधीच पाहिलेलं नाही. ती कामाला लागली तेव्हा बायकांना कॅन्टिनात मज्जाव होता. दारावर तशी पाटी असायची. स्वयंपाकीण मागच्या गल्लीतून यायची. पुढे पाटी गेली, माझ्यासारख्या आल्या, टेबलं अडवून बसल्या. तोमासा मात्र मागूनच येत राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

ती चालत मधल्या टेबलाशी आली. खुर्ची ओढली, बसून पाहिली, जरा सरकून नीट बसली. मग तळहातानं टेबलावर थाप मारली.

"मेलितोन! एक टकिला. आणि आज बशीत काय आहे?"

मेलितोननं दोन हिलारिओंकडे पाहिलं. दोन हिलारिओंनी एलीसेओकडे. एलीसेओ पळत आत गेला. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग धुराचा वास. तोमासा हलली नाही. ती छताकडे, भिंतींकडे, आमच्या तोंडांकडे आरामात बघत बसली होती.

अंडं आणि घेवडा आला. कडा काळ्या. एलीसेओ बशी ठेवून दोन पावलं मागे सरला. आम्ही सगळे श्वास धरून उभे.

तिनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"करपलंय," मालकीणबाई म्हणाल्या, आणि बशी पुसून खाल्ली.